गवसणी

बाबांच्या लेन्सचं वजन ३ किलो ८७० ग्रॅम आहे. मी जन्मले तेव्हा अडीच किलोची होते, आणि हे आई मुद्दाम लेन्सकडे बघत सांगायची.

लेन्स कॅननची, ५०० मिलिमीटर, एफ/४. १९९९ साली बाजारात आलेल्या मॉडेलची. बाबा बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती एका ओळखीच्या छायाचित्रकाराकडून वापरलेली घेतली. भिगवणचे रोहित, कवडी पाटाचे चक्रवाक, सिंहगडाच्या पायथ्याचा स्वर्गीय नर्तक, सगळे त्यांनी याच लेन्सने टिपले. मग एका प्रवासात विमान छोटं, पंख्याचं निघालं. वरचे कप्पे इतके उथळ की बाबांची बॅग शिरेना. ती दारातच काढून घेऊन विमानाच्या पोटात टाकली. ‘नाजूक आहे’ हे बाबांनी तीन भाषांत सांगून पाहिलं. उतरल्यावर बॅग मिळाली तेव्हा बाहेरून ओरखडाही नव्हता. आत मात्र लेन्सचा माउंट, म्हणजे जिथे कॅमेरा फिरवून बसवतात ती धातूची कडी, वाकलेली. कॅमेरा लेन्सला जोडलेलाच ठेवला होता; बॅग आपटली तेव्हा त्याच्याच वजनाने घात केला. दुरुस्ती झाली, पण बाबांनी त्यानंतर विमान सोडलं. पुढे आई गेली, आणि लेन्सही कपाटातच राहिली.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर ते एकदम म्हणाले, “डिसेंबरात गुवाहाटीला जाऊ. हरगिला काढायचाय.”

हरगिला म्हणजे करकोच्याच्या कुळातला, जवळजवळ माझ्या उंचीचा पक्षी. टक्कल, गळ्यापुढे लोंबणारी पिशवी, उकिरड्यावर वावर. इंग्रजांनी त्याच्या ताठ चालीवरून त्याला ‘अ‍ॅडज्युटंट’ हे लष्करी हुद्द्याचं नाव दिलं. आसामी आणि बंगाली माणसाने त्याचं खाणं पाहिलं आणि हाडं गिळणारा म्हटलं. भागलपूरकडे त्यालाच गरुड म्हणतात, म्हणजे थेट विष्णूच्या वाहनाचा मान. कामरूप जिल्ह्यातल्या दादरा आणि आसपासच्या गावांत लोक पूर्वी घाणीला कंटाळून त्याची घरट्यांची झाडं तोडत. पूर्णिमा देवी बर्मन या जीवशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बायकांना एकत्र केलं, आणि आता त्याच बायका घरट्यांची राखण करतात. त्या पक्षिणीचं डोहाळजेवणसुद्धा करतात, हे बाबांनी पेपरात वाचलं होतं. माझ्या मते गुवाहाटीचं खरं कारण हे डोहाळजेवण होतं. आई असती तर तिने ओटीचं सामान बरोबर घेतलं असतं.

मी म्हटलं, “एवढा मोठा पक्षी, मोबाइलवरसुद्धा येईल.”

“घरटं उंच कदंबावर असतं,” बाबा म्हणाले. “मला पिल्लाचा डोळा हवाय.”

तर बॅग. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला साधारण ७ किलोची मर्यादा असते, आणि बॅगेचं माप बहुतेक ठिकाणी ५५ गुणिले ३५ गुणिले २५ सेंटिमीटर. लेन्स ३८७० ग्रॅम, बाबांचा सेव्हन-डी मार्क टू ९१० ग्रॅम, पल्ला वाढवणारा एक्स्टेंडर २२० ग्रॅम. बरोब्बर पाच किलो झाले. हूड, पुढचं चामड्याचं झाकण, कार्डं आणि जादा बॅटऱ्या धरून साडेपाच. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या खालच्या सामानात चालत नाहीत, त्यामुळे त्याही जवळच हव्यात. ट्रायपॉड आणि त्याचं डोकं कपड्यांत गुंडाळून खाली जाऊ शकतं, ते आपटलं तरी चालतं. उरला दीड किलो. तेवढ्यात बॅग बसली पाहिजे.

ही अट घेऊन दुकानात गेलं की दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो. चाकांच्या बॅगा रिकाम्याच चार किलोच्या पुढे. मोठ्या लेन्ससाठी म्हणून मिळणाऱ्या पाठीवरच्या बॅगा कमरेचा जाड पट्टा, पावसाचं आवरण, ट्रायपॉडची खोबण, लॅपटॉपचा कप्पा अशा सोयींनीच तीन किलो होतात. बॅग बनवणाऱ्यांनी सगळा विचार लेन्सचा केलेला असतो, तराजूचा कुणी केलेला नसतो. हलकी म्हणून नावाजलेली एक बॅग आहे, किबोको नावाची. स्वाहिलीत किबोको म्हणजे पाणघोडा, आणि पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूकसुद्धा. मी या शब्दावर एक संध्याकाळ घालवली. बॅग परदेशातून मागवायची तर किंमतही चाबकासारखीच लागत होती.

पक्षी टिपणारी मंडळी यावर बरेच उपाय सांगतात. एक म्हणजे खूप खिशांचं जाकीट घालायचं आणि कॅमेरा, एक्स्टेंडर, बॅटऱ्या अंगावर घ्यायच्या, कारण माणसाचं वजन कुणी करत नाही. दुसरा उपाय, रांगेत आधी शिरायचं, म्हणजे डोक्यावरचा कप्पा रिकामा मिळतो. तिसरा, कॅमेरा लेन्सपासून वेगळा ठेवायचा. बॅग आखूड होते, हलकी होते, आणि पुन्हा कुणी ती काढून घेतलीच तर माउंटवर ताण येत नाही.

हा तिसरा उपाय मी बाबांना सांगितला, आणि आमचं वाजलं.

“कॅमेरा जोडलेलाच राहील,” ते म्हणाले.

“बाबा, जोडलेला होता म्हणूनच कडी वाकली ना?”

“पक्षी थांबत नाही. उघडली बॅग, काढला, लावला डोळ्याला. जोडत कोण बसतो?”

हरगिला तासन्‌तास एका जागी उभा असतो. हे मला त्यांच्याच पुस्तकातून कळलं होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं.

तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले तर जेवणाच्या टेबलावर दिवा. बाबा पाठमोरे बसले होते. समोर सतरंजीवर लेन्स, हातात कॅमेरा. कॅननच्या लेन्सवर एक लाल ठिपका असतो, कॅमेऱ्यावर दुसरा. ठिपक्याला ठिपका भिडवून थोडं फिरवलं की ‘टक्‌’ आवाज होतो आणि काम झालं. कॅमेरा लेन्सपाशी यायचा, ठिपका सरकायचा, धातूवर धातू घासायचा. बाबा हात मांडीवर ठेवून जरा थांबायचे आणि पुन्हा उचलायचे. मी चार वेळा मोजलं. मग पाणी न पिताच खोलीत आले.

चहाचा कप अर्धाच भरा, असं ते वर्षभर सांगत होते. मला वाटायचं, साखरेमुळे.

डॉक्टरांनी कंपवाताची सुरुवात आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, प्रवासाला हरकत नाही म्हणाले. रिक्षात बाबा म्हणाले, “आता तरी जोडलेला ठेवू देशील?” मी हो म्हटलं.

लेन्स आणि कॅमेरा जोडून लांबी ४६-४७ सेंटिमीटर होते. दोन्ही टोकांना फोम धरून ५२. म्हणजे बॅग जवळजवळ कमाल मापाची हवी, आणि वजन मात्र दीड किलोच्या आत. अशी बॅग मला कुठे मिळाली नाही. माझ्या तंबोऱ्याकडे नजर गेली ती धूळ पुसताना.

गाणं मी कधीच सोडलं, पण तंबोरा आहे, आणि त्याची गवसणी रविवार पेठेत शिवली होती. वाद्याच्या कापडी खोळीला गवसणी म्हणतात. आकाशाला गवसणी घालणं हा वाक्प्रचार मला भाषांतरात नेहमी छळतो. दुसऱ्या भाषेत नेताना आकाश जातं, गवसणी मागे राहते, आणि वाचकाला कळतच नाही की मुळात एक शिंपी आहे, कापड आहे, आणि ते पुरत नाहीये.

शिवणारे काका आता ऐंशीच्या घरात आहेत. बाबांनी गादीवर लेन्स ठेवली. काकांनी चष्मा लावून तिच्याभोवती एक फेरी मारली.

“हे कोणतं वाद्य?”

“फोटोचं,” बाबा म्हणाले.

“बरं. भोपळा या अंगाला,” काकांनी हूडवर हात ठेवला, “आणि दांडी ही. वर उघडणारी नको. वाद्य कधी गवसणीत कोंबायचं नसतं. वाद्य आडवं ठेवायचं आणि गवसणी त्याच्यावर चढवायची. चेन अशी, पूर्ण लांबीने.”

महागड्या बॅगांत पाठीच्या बाजूने सबंध झाकण उघडतं ते याच कारणासाठी. काकांनी एकही तशी बॅग पाहिली नव्हती. त्यांनी पातळ पण घट्ट नायलॉन निवडलं, आत फोमचा थर, मानेपाशी, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स जुळतात तिथे, दुहेरी उशी. कप्पे नाहीत, खिसा एकच. पट्टे आमच्या जुन्या ट्रेकिंगच्या सॅकचे उसवून लावायचे ठरले. मग टेप घेऊन ते बाबांच्या मागे गेले.

“माझं नको,” बाबा म्हणाले. “तिच्या पाठीचं घ्या.”

मी पाच फूट एक इंच आहे. बाबांची उंची माझ्याहून बरीच जास्त. लेन्स इतकी वर्षं त्यांच्या खांद्याच्या मापाने घरात येत-जात होती. काकांनी माझ्या मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंत टेप धरला, आकडा खडूने कापडावर लिहिला, आणि बाबा तोवर दुकानातल्या एका जुन्या सारंगीकडे बघत उभे राहिले.

बॅग भरली १ किलो ३५० ग्रॅम. सगळं मिळून ६ किलो ८५०. मी तिच्यात आधी साडेपाच किलो तांदूळ भरून आठवडाभर पर्वती चढले. ‘ट्रान्सलेशन’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमध्ये ‘पलीकडे वाहून नेणं’ आहे, हे आम्हाला एम.ए.ला शिकवलं होतं, आणि भाषांतरावरच्या प्रत्येक परिसंवादात कुणीतरी ते सांगतंच. पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवर ही उपमा मला आठवली नाही. पट्टा डाव्या खांद्याला रुततोय एवढंच कळलं. काकांनी तो अर्धा इंच सरकवून दिला.

पुण्याच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत बॅग बाजूला काढली. जवान म्हणाला, “मॅडम, ये तोप किसकी है?” मी बाबांकडे बोट दाखवलं. त्यांनी हात खिशात घातले होते.

सराईघाटचा पूल ओलांडून दादऱ्याला पोचलो तेव्हा धुकं होतं. कदंब खरंच उंच होते. एका घराच्या परसात, पाण्याच्या टाकीशेजारी, आम्ही ट्रायपॉड लावला. मी बॅग आडवी ठेवून चेन उघडली, लेन्स उचलून बसवली. घरातल्या आजी मोडा घेऊन आल्या आणि बाबांना बसवलं. त्यांची आसामी, माझी जादवपुरात शिकलेली बंगाली आणि बाबांची बँकेतली हिंदी यांच्यात बोलणं जमून गेलं.

ट्रायपॉडवर असली तरी ५०० मिलिमीटरची लेन्स बोटाच्या थरथरीनेही हलते. म्हणून मी कॅमेऱ्याला वायरचं बटण लावलं. बाबा डोळा लावून बघणार, आणि बटण माझ्या हातात.

“आता,” ते म्हणाले. मी दाबलं.

“उशीर. मान फिरवली त्याने. — आता.”

दुसऱ्याने म्हटलेलं ऐकून आपण करायचं म्हणजे थोडा उशीर होणारच. माझं पोट यावरच चालतं. तासाभराने मला त्यांच्या ‘आ’लाच दाबायची सवय झाली. दोनशेच्या वर फोटो निघाले. तीनांत पिल्लाचा डोळा आहे, एकात स्वच्छ. तो फोटो कुणी काढला, यावर आम्ही बोललेलो नाही.

गावातल्या बायका हातमागावर हरगिल्याची नक्षी विणतात. बाबांनी दोन गामोसे घेतले आणि मला न विचारता बॅगेत, लेन्सच्या दोन्ही बाजूंना खोचले. “फोमपेक्षा बरे,” म्हणाले.

परतीला काउंटरवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवायला सांगितली. जाताना कुणी विचारलंही नव्हतं. आकडा ७.२ वर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी बॅगेकडे. विमानाच्या पोटात टाकलेली ती दुसरी बॅग मला दिसायला लागली.

बाबा पुढे झाले. त्यांनी चेन हळूहळू, थांबत थांबत उघडली. मागची रांग खोळंबली. मी हात पुढे केला नाही. एक गामोसा त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातला, दुसरा माझ्या. चेन लावली.

६.९.

“हे चालेल?” त्यांनी विचारलं. मुलगी हसली आणि बॅगेच्या पट्ट्याला टॅग बांधू लागली. टॅगची दोरी अडकवायला नीट जागा नव्हती. रविवार पेठेत हे काकांना सांगायला हवं, असं बाबा म्हणाले.