सावलीतल्या दगडांत कोणता कांदा लावावा

आज पिकाचं नाही, दारापुढच्या फुलांचं लिहितोय. पण विषय शेवटी बियाण्यावरच येतो.

वावरातून वेचलेले दगड आम्ही कडुनिंबाखाली रचलेत. सूनबाईनं मोबाईलवर जांभळ्या चेंडूसारखी फुलं दाखवली, म्हणाली, "मामा, ही लावू या का दगडांत?" ते अलियम, आपल्या कांद्या-लसणाचंच भाऊबंद, मूळचं मध्य आशियातलं. त्याच्या कंदाला फुलायच्या आधी कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते. आपल्याकडं तेवढी पडत नाही. कंद विकणारे हे काही सांगत नाहीत.

मग ती म्हणाली, घरातले लाल कांदेच खोचू, गोंडा त्यालाही येतो. दिसतो देखणा, खोटं कशाला बोलू. पण तिथं मी नाही म्हणालो. घरापासून हाकेच्या अंतरावर माझे २० गुंठे एन-२-४-१ चे डोंगळे असतात. कांद्याच्या फुलात आधी पराग झडतो, त्याच फुलातलं स्त्रीकेसर नंतर तयार होतं. म्हणून मधमाशी लागते, आणि ती काही बांध बघून उडत नाही. दारातल्या लाल कांद्याचा पराग डोंगळ्यावर गेला की बियाण्यात भेसळ. बी बघून ती कळत नाही, रोप बघूनही नाही. कांदा पोसल्यावर रंग-आकार फुटतो, तोवर बी विकलेलं असतं आणि घेणाऱ्याचं साल गेलेलं असतं. बियाण्याच्या दोन जातींत किलोमीटरभर अंतर सांगतात ते याच्यासाठी. गावातली चार घरं माझ्याकडून बी नेतात, त्यांना काय तोंड दाखवू?

शिवाय सावलीत डोंगळा उंच होतो नि लवंडतो. दव लवकर वाळत नाही, मग जांभळा करपा येतोच.

शेवटी गार्लिक चाइव्ह लावली. (लसूणघास नव्हे हो, ती जनावरांची.) चपटी पात, वास लसणाचा, पावसाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं. कांद्याशी तिचा आपोआप संकर होत नाही, आणि डोंगळे फुलतात थंडीनंतर, त्यामुळं वेळही जुळत नाही. दगडांच्या बेचक्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं भरलं, वीतभर अंतरानं ठोंब लावले. पाणी साचू द्यायचं नाही, पण कडुनिंबाची मुळं ओल ओढून घेतात, म्हणून उन्हाळ्यात एक दिवसाआड तांब्याभर पाणी लागतंच. गर्द सावलीत नुसती पात येते. सकाळचं चार तास ऊन मिळालं तर फूल धरते. आमच्याकडं पूर्वेच्या बाजूचे ठोंब भरगच्च फुललेत, खोडाजवळचे अजून पातीवरच आहेत. ती पात भजीत जाते.

फूल वाळायला लागलं की दांडा कापा. बी पडलं तर दगडाच्या फटीफटीत उगवतं, मग उपटता उपटत नाही.

कुणाला हवी असेल तर पहिला पाऊस पडल्यावर या, ठोंब फोडून देतो.