पाचटाखालची वस्ती

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका नबींना मुंगी चावली. त्यांनी मुंग्यांची वस्तीच जाळायला लावली. तेव्हा अल्लाहने त्यांना जाब विचारला: एका मुंगीपायी तस्बीह करणारी अख्खी उम्मत जाळली?

ऊसतोडीनंतर फडात पाचट पेटलेले दिसले की मला ही हदीस आठवते. पाचटाखाली मुंग्या, गांडुळे, वाणी, गोमी राहतात. गांडूळ कुजलेले पाचट खाऊन त्याचे खत करते. त्याच्या बिळांतून पाणी मुरते. डार्विनने 1881 साली गांडुळांच्या या कामावर पुस्तकच लिहिले. आगीत वरचे जीव मरतात आणि खालच्यांचा घास जातो.

भाईजानना हे सांगितले. ते म्हणाले, "पाचट ठेवलं तर उंदीर होतात, खोडवा नीट फुटत नाही. अन् मजुरी कुठून आणू?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी बुडखे मोकळे करून पाचट सरीत दाबायचे ठरले, पण निम्म्याच रानात. उरलेल्यासाठी मी हट्ट धरला नाही. कर्ज त्यांच्या नावावर आहे. जमीन आपल्याकडे अमानत आहे आणि तिच्या पोटातले जीवही त्या अमानतीतच येतात, एवढे मात्र सांगून ठेवले.