चावी फिरवलीस काय?

इंजिनात काही पडलं की आवाज अगदी बारीक येतो. टिंग. मग पोटात जो गोळा येतो, तो ज्याने एकदा तरी बॉनेट उघडून हात काळे केलेत त्याला सांगायला नको.

2012 सालची दिवाळीची सुट्टी. मी कोल्हापुरात मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटण्याच्या वयात. गाडी बाबांची, 1998 ची मारुती 800. मागच्या सीटवर वह्यांचे गठ्ठे टाकून बाबा कागल, मुरगूड, गडहिंग्लजची दुकानं करायचे. आमचं घर त्या गाडीवर चालायचं. पिकअप घेत नाही म्हणून ते कुरकुरत होते. दुपारी ते झोपले आणि मी कार्ब्युरेटर साफ करायला घेतला.

एअर फिल्टरचा डबा काढताना एक स्प्रिंग वायसर निसटला आणि थेट कार्ब्युरेटरच्या तोंडात गेला. पुस्तकात वॉशर असतो, उद्यमनगरात वायसर. खाली थ्रॉटलची पाती बंद होती, म्हणजे तो तिच्यावरच बसला असणार. तेव्हाच चिमटा घातला असता तर दोन मिनिटांत निघाला असता. पण मी कुठे गेला ते बघायला बोटाने थ्रॉटल उघडला. टिंग.

पुढचं मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी स्वतःला पटवलं की तो बाहेरच कुठेतरी पडला असेल. आणि चावी फिरवली. अर्धा सेकंद. आतून कट्ट असा आवाज आला, मी चावी सोडली आणि बाबांना उठवलं.

बाबा एक शब्द बोलले नाहीत. मिस्त्रींना फोन केला.

मिस्त्री आले आणि गाडीकडे न बघता आधी माझ्याकडे बघितलं. "चावी फिरवलीस काय?"

"नाही."

बाबा शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर दुसरं उत्तर तोंडातून निघालंच नाही.

मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उतरवला. उघड्या तोंडात आधी चिंधी कोंबली, मगच बाकीचे नट गोळा केले. मग चिंधी काढून बॅटरीने मॅनिफोल्डमध्ये बघितलं, वायर फिरवली, चुंबकाची दांडी घातली. ही दांडी अँटेनासारखी लांब होते, लोखंडाची वस्तू उचलते. पितळ किंवा अॅल्युमिनियम असेल तर तिचा उपयोग शून्य, तिथे काडीला ग्रीस लावून नशीब बघायचं. आमचा वायसर लोखंडी होता. पण मॅनिफोल्ड रिकामा.

"न फिरवता असतो तर हितंच असता," मिस्त्री म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "फिरवली असंल तर तो व्हॉल्व्हातनं खाली गेला. मला खरं कळलं पायजे बाळ. न्हाईतर मी बाहेरच हुडकत बसणार, आणि मग एकदा स्टार्टर मारणार."

मारला असता तर काय झालं असतं हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. पिस्टन वर येतो तेव्हा तो आणि हेड यांच्यात उरलेल्या जागेत पोलादाचा तुकडा. पिस्टनला खड्डा, व्हॉल्व्ह वाकडा, हेड उतरवायचं. दिवाळीनंतर शाळा उघडणार होत्या, वह्यांचा सीझन.

"फिरवली," मी म्हणाले. "अर्धा सेकंद."

मिस्त्रींनी नुसती मान हलवली आणि प्लग पाना मागितला.

तीन सिलिंडर, तीन प्लग. दोन नंबरच्या प्लगचं टोक चेपून गॅप बंद झालेला. "हितं हाय." आता पिस्टन वर आणायचा होता, म्हणजे वायसर लिफ्टमध्ये बसल्यासारखा प्लगच्या भोकाजवळ येतो. पण स्टार्टरने नाही. मिस्त्रींनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि बाबांना म्हणाले, "साहेब, तुम्ही ढकला. वीतभर."

बाबा बनियनवर मागे गेले. मी बॅटरी धरली. "हळू... आणि थोडं... बास." माझा हात इतका हलत होता की मिस्त्रींनी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून उजेड भोकावर आणला. दांडी आत. रिकामी बाहेर. पुन्हा आत. बाबा मागून डिकीवर हात टेकून उभे, त्यांना काहीच दिसत नव्हतं.

चौथ्या-पाचव्या वेळेला चुंबकाला चिकटून वायसर आला. चपटा झालेला, एका बाजूने चकाकणारा.

मला वाटलं, संपलं. मिस्त्री म्हणाले, "मोज." झाकणात काढून ठेवलेले सगळे नट, सगळे वायसर मला फरशीवर मांडायला लावले. प्रत्येक स्टडचा वायसर जुळला, तेव्हाच त्यांनी प्लग बसवायला घेतले. चेपलेला टाकून नवा घातला. बॅटरीच्या उजेडात पिस्टनवर नखाएवढा ओरखडा दिसत होता. "राहू दे," म्हणाले, "तेवढं चालतं."

गाडी सुरू झाली. बाबांनी मिस्त्रींना चहाला थांबवून घेतलं, आणि चहा पिताना पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "पडला हे सांगायला उठवलंस ना मला? मग चावीचं का न्हाई सांगितलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिस्त्रींनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "साहेब, मी शिकाऊ असताना चावी फिरवून पळून गेलोतो. तीन दिवस घरला गेलो न्हाई."

बाबा हसले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी पुन्हा बॉनेट उघडलं, मला हाक मारली, आणि पाना द्यायच्या आधी हातात चिंधी दिली.