भोंगा : विटा पाडणाऱ्यांचे घर

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने निघाले की शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली ही स्थानके लागतात. दिवाळी सरली की या पट्ट्यात काळू आणि भातसा नद्यांच्या आसऱ्याने वीटभट्ट्या पेटतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही कार्यकर्ते तिकडे जातो. ठाणे-डोंबिवलीच्या इमारती वाचकांनी पाहिल्याच आहेत. भोंगा मात्र थोड्यांनी पाहिला असेल.

भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराचे झोपडे. विटा नुसत्या एकावर एक रचून भिंती करायच्या. सिमेंट नाही, फार तर मातीचा लिंपा. वर बांबू, त्यावर भाताचा पेंढा नाहीतर जुने प्लास्टिक. पावसाळ्यापूर्वी हंगाम संपला की घर उकलायचे. विटा पुन्हा ढिगात जातात, पेंढा जळणाला लागतो. जागेवर काही उरत नाही. माती आणि टाकाऊ सामानाच्या तात्पुरत्या बांधकामाचे आज मोठ्या परिषदांत कौतुक होते. ती विद्या या आयाबायांच्या हातात आधीपासून आहे.

पण नुसते कौतुक आम्हाला पुरेसे वाटत नाही. भोंग्यात वाकूनच शिरावे लागते. अवकाळी पाऊस आला तर अंथरूण आणि पाडलेल्या कच्च्या विटा एकदमच भिजतात. येथे राबणाऱ्यांत कातकरी समाज मोठा. पावसाळ्यातल्या उपासमारीत उचल घ्यायची आणि ती फेडायला सहा-सात महिने भट्टीवर काढायचे. मजुरी हजार विटांमागे, तीही नवरा-बायकोच्या जोडीला मिळून. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली. तरी ती मोडण्यासाठी ठाणे जिल्ह्यात १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी करावी लागली.

मुलांचे वर्ष भट्टीवर बुडू नये म्हणून विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच शाळा भरवल्या. त्यांचे नावच भोंगाशाळा. शाळा मुलांच्या दारी आली.

आता २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून शाळेला परत पाठवता येत नाही, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश पाहणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीजवळ भट्टी असेल तर एक रविवार द्या. भोंग्यांतल्या मुलांची नावे लिहून घ्या आणि सोमवारी जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या हाती द्या. विटांचा हंगाम संपेपर्यंत थांबू नका. तोवर भोंगाही नसेल आणि मुलेही नसतील.