तांबूची जागा

घरातलं माणूस गेलं की पुढे काय करायचं ते ठरलेलं असतं. दिवस असतात, भेटायला येणारे असतात, रजा मागताना कारण सांगता येतं. जनावर गेलं की यातलं काहीच नसतं. सुतक नाही, तेरावं नाही. आमचा कुत्रा तांबू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बोरिवलीहून नेहमीची चर्चगेट गाडी पकडून कामावर गेले, कारण कुत्रा गेला म्हणून रजा कशी मागायची तेच कळेना. संध्याकाळी जिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "मग आता दुसरा कधी आणताय?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ज्या दुःखाला रीत नाही ते लोकांना दिसत नाही, हे मला तेव्हा समजलं.

तांबू देशी. आमच्याच बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये जन्मलेला, भावंडांतला एकटाच जगलेला. म्हातारपणी त्याच्या किडन्या निकामी झाल्या. क्रिएटिनिन चढत गेलं, तसं डॉक्टरांनी आम्हाला घरीच मानेच्या कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. तो ते निमूट घेऊ द्यायचा. भर पावसाळ्यात, रात्री, आमच्यासमोर गेला.

गावाकडे अशा वेळी शेताच्या बांधाला खड्डा खणतात, वर दगड ठेवतात. कुलुपवाडीतल्या आमच्या सोसायटीला माती कुठली? आवारभर फरशी आणि त्यावर गाड्या. पूर्वी उपनगरातले बरेच जण परळला, जनावरांच्या साकरबाई पेटिट रुग्णालयात न्यायचे. आता मालाड पश्चिमेला एव्हरशाईन नगरच्या कोंडवाड्यात महापालिकेची लहान प्राण्यांसाठी दहनभट्टी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, पाइप गॅसवर चालते. डॉक्टरांचा दाखला आणि त्याची लसीकरणाची वही घेऊन आम्ही सकाळी तिथेच गेलो. राख घरी आणायची नाही, हे आधीच ठरलं होतं.

पण त्या रात्रीच एक गोष्ट करून घेतली होती. मुलीच्या शाळेतल्या गणपतीच्या कार्यशाळेतून उरलेला शाडूचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. तो मळून पोळपाटावर जाड भाकरीएवढा थापला. तांबूच्या पुढच्या उजव्या पायाच्या बोटांमधले केस कात्रीने कापले, नाहीतर मातीत केसच उमटतात. पाय अजून मऊ होता. नवऱ्याने मनगट धरलं, मी वरून तळहाताने दाबलं. मधली मोठी गादी, चार बोटं आणि एका नखाची खोल रेघ. ते नख दाराच्या फटीत अडकून वाकडं झालं होतं. ठशात तेही तसंच वाकडं आलं.

श्रावणात शाडू वाळवणं हे धीराचं काम. पंख्याखाली ठेवला की कडा वर उचलतात आणि चिरा पडतात. म्हणून वर सुती कापड टाकून तो कपाटावर सावलीत ठेवला, अधूनमधून उलटत राहिले. एक चीर पडलीच, ती शाडूच्याच पातळ चिखलाने भरली. पूर्ण वाळल्यावर पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात दिले. न भाजलेला शाडू ओलाव्याने सुटतो, एवढी काळजी घ्यावीच लागते.

मग प्रश्न आला की ठेवायचं कुठे. नवरा म्हणाला, फोटो मोठा करून हॉलच्या भिंतीवर लावू, सासऱ्यांच्या आणि आजेसासूबाईंच्या शेजारी. मला देवघराच्या खालचं फडताळ सुचत होतं. सासूबाईंना दोन्ही पटेना. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं. त्या म्हणाल्या, "अगं, शाहू महाराजांनी त्यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी बांधली माहुलीला. कुत्र्याला मान द्यायला माझी ना कशाला असेल? पण हा कधी भिंतीवर होता का? आयुष्यभर जमिनीवर लोळला. त्याला त्याच्या जागी राहू दे. आणि हार नको घालू, गळ्यात काही घातलेलं त्याला आवडायचं नाही."

संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णेच्या काठी, खंड्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. आमच्या तांबूने कुणाला वाचवलेलं नाही. तो फक्त दारामागे, चपलांच्या रॅकशेजारी, उंबऱ्याकडे तोंड करून पडलेला असायचा आणि लिफ्टच्या आवाजावरून कोण आलं ते ओळखायचा. तीच त्याची जागा. तिथे भिंतीला टेकून बसून बसून डिस्टेंपरवर एक काळपट, तेलकट पट्टा उमटला होता, साधारण माझ्या गुडघ्याच्या उंचीवर.

दिवाळीआधी रंगकाम निघालं तेव्हा तेवढा पट्टा सोडून रंग मारायला सांगितलं. रंगाऱ्याला आधी वाटलं बाई विसरल्या, म्हणून त्याने दोनदा विचारलं. कारण सांगितलं तसा तो गप्प राहिला आणि कागदी चिकटपट्टी लावून चारही बाजू नीट आखून दिल्या.

त्या पट्ट्याखाली सुताराकडून सागाची एक छोटी फळी ठोकून घेतली. लादी पुसणाऱ्या मावशींनी सुचवलं, "जमिनीला टेकवू नका ताई, पाणी मुरंल." म्हणून वीतभर वर. फळीवर ठसा, त्याचा गळ्यातला पट्टा, आणि पोस्टकार्डाएवढा फोटो, ज्यात तो आमच्याकडे नाही, दाराकडे बघतोय. गळ्यातला पट्टा नायलॉनचा आहे. धुऊन कडक उन्हात वाळवूनच ठेवला, मुंबईच्या हवेत ओलसर कापडाला आठवड्यात बुरशी धरते. केसांचा पुंजकाही काचेच्या बरणीत आहे, सोबत कापराची वडी.

बाकीचं काही जपून ठेवलं नाही, आणि ते योग्यच झालं असं मला ठामपणे वाटतं. सगळंच जपलं तर घराचं गोदाम होतं आणि त्यात नेमकं काय महत्त्वाचं ते हरवतं. उरलेल्या सलाईनच्या बाटल्या डॉक्टरांकडे परत दिल्या, दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला लागतील म्हणून. गोधडी गल्लीतल्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्या बाईंना दिली. पोचे आलेली जर्मनची ताटली आता गेटबाहेर पाण्याची असते, वॉचमनदादा भरतात. सासूबाईंनी तांबूची पोळी बंद केलेली नाही. सकाळची एक पोळी अजून बाजूला निघते आणि गल्लीत जाते.

फळी खाली असल्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. शेजारचा तीन वर्षांचा मुलगा येतो तेव्हा सरळ तिथे बसतो आणि ठशातल्या खळग्यांत बोटं घालून बघतो. भिंतीवरच्या फोटोपर्यंत त्याचा हात पोचलाच नसता. मलाही चपला घालायला खाली वाकावं लागतं, तेव्हा तो रोज दिसतो. मुद्दाम जाऊन उभं राहावं लागत नाही. आता घरी आलेलं कुणी "हे काय?" म्हणून विचारतं, आम्ही सांगतो, आणि बहुतेक जण मग स्वतःच्या घरातल्या एखाद्या मांजराची, कुत्र्याची, पोपटाची गोष्ट सांगायला बसतात. काकूसुद्धा बसल्या होत्या. त्यांच्या माहेरी घाटकोपरला एक बोका होता, त्याच्याबद्दल त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

तुमच्या घरी म्हातारं जनावर असेल तर एवढंच सांगते. पायाचा ठसा आजच घ्या, ते जागं असताना, त्याच्या खोड्या चालू असताना. शाडू कोणत्याही गणपतीच्या कारखान्यात मिळतो. हललेला, पुसटलेला ठसा आला तरी चालेल, तोच ठेवा.