नक्षत्रांचा जमाखर्च

बुद्धिबळाच्या डावाचा एक गुण असा आहे कीं, तो जसजसा पुढें जातो तसतसा पट मोकळा होत जातो. आरंभीं बत्तीस मोहरे असतात, आणि त्यांतील बरेचसे निरुद्योगी उभे असतात. शेवटीं दोन राजे, एखादा हत्ती आणि दोनतीन प्यादीं उरतात. पण त्या वेळीं एका प्याद्याच्या एका घराच्या चालीवर सगळ्या डावाचा निकाल ठरतो. म्हणजे खेळणाराचें काम संख्येनें घटतें आणि महत्त्वानें वाढतें. राज्यविस्ताराचे जे खेळ अलीकडे संगणकाच्या पडद्यावर खेळले जातात, त्यांत याच्या नेमकें उलट घडतें. पट भरत जातो, मोहरे वाढत जातात, आणि प्रत्येक चालीचें मोल मात्र उतरत जातें. या दोषाविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें. ज्या खेळावरून ते लिहावयाचे तो आम्हांस मनापासून आवडतो, म्हणूनच ते लिहिण्याचा आम्हांस अधिकार आहे असें आम्ही समजतों.

खेळावर टीका ती कसली करावयाची, असें एखादें वडीलधारें माणूस विचारील. पण ज्या नाटकाला आपण एक रात्र देतों त्याचे गुणदोष दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं घराघरांतून काढले जातात. मग ज्या खेळाचा एक डाव पुरा करण्यास कित्येक रात्री लागतात त्यालाच टीकेची सूट कां असावी? शिवाय हे खेळ आतां केवळ मुलांचे राहिले नाहींत. आणि घरांतील मुलगा दार लोटून आंत काय करीत असतो हें ज्या आईबापांस ठाऊक नसतें, त्यांना तो तेथें कदाचित् एखादें साम्राज्य चालवीत असेल एवढें कळलें तर कांहीं बिघडणार नाहीं.

आम्ही म्हणतों तो खेळ ‘स्टेलॅरिस’ हा होय. स्वीडनमध्यें स्टॉकहोम शहरीं पॅराडॉक्स नांवाची एक मंडळी आहे. इतिहासांतील राज्यांचे खेळ रचण्याबद्दल तिची पूर्वींपासून ख्याति होती. तिनें मे २०१६ मध्यें हा खेळ बाहेर आणला आणि राज्यविस्तार पृथ्वीवरून उचलून आकाशांत नेला. खेळाची कालगणना इ. स. २२०० च्या पहिल्या दिवशीं सुरू होते. खेळणाराच्या हातीं एक ग्रह, तीन लहान लढाऊ नौका, बांधकामाची एक नौका आणि शोधकार्याची एक नौका एवढेंच भांडवल असतें. भोंवतीं दोनशेंपासून हजारापर्यंत, आपण मागूं तितक्या ताऱ्यांची आकाशगंगा पसरलेली असते, आणि तिच्यांत आपल्यासारखींच दुसरीं राज्यें कोठें तरी उदय पावत असतात. आपली प्रजा कोणत्या तत्त्वांची हें आधींच ठरवावें लागतें: युद्धप्रिय कीं शांतताप्रिय, परक्यांचें स्वागत करणारी कीं त्यांचा तिटकारा करणारी, समतावादी कीं सत्तावादी, अध्यात्मवादी कीं जडवादी. या निवडीसाठीं तीनच गुण खर्च करावयास मिळतात, आणि एखादें तत्त्व कट्टरपणानें पाळावयाचें तर त्याला दोन गुण पडतात. सगळेच सद्गुण एका राष्ट्राच्या वांट्यास येऊं नयेत, ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते.

खेळांतील पहिलीं शंभर वर्षें, म्हणजे आमच्या दोनतीन रात्री, फार सुखाच्या जातात. शोधनौकेवर एक शास्त्रज्ञ असतो. त्याला नांव असतें, वय असतें आणि कधीं तरी मरणहि असतें. तो एकेका ताऱ्यापाशीं जातो, एकेक ग्रह न्याहाळतो, आणि मधूनच त्याला एखादें कोडें सांपडतें. एका डावांत आम्हांस व्हल्टॉम नांवाच्या लोपलेल्या राष्ट्राचे अवशेष मिळाले. आपलें विश्व खरें नसून कोणी तरी चालविलेला आभास आहे, अशी त्या लोकांची खात्री झाली होती, आणि त्या खात्रीपायीं त्या साऱ्या राष्ट्रानें मिळून आत्मघात केला होता. खेळांतल्या एका राष्ट्रानें असा तर्क बांधावा, आणि आमच्या खुर्चीवरून पाहतां तो अगदीं बरोबर असावा, हें वाचून आम्ही थोडा वेळ खेळ थांबवून बसलों. त्या दोनचार ओळींसाठीं आम्हांस एका शास्त्रज्ञाला दूर पाठविण्यापलीकडे कांहींच करावें लागलें नव्हतें. पण तें पाठविणें हा खरा निर्णय होता, कारण त्या वेळीं आमच्याजवळ शास्त्रज्ञ फार थोडे होते.

सुमारें इ. स. २३०० नंतर मात्र रंग पालटतो. तारे पाहून संपतात, सीमा सीमांना भिडतात, आणि राज्यांत तीसचाळीस ग्रह येतात. मग पडद्याच्या माथ्यावर सूचनांची रांग लागते. अमक्या ग्रहावर घरें अपुरीं आहेत, तमक्यावर लोक बेकार आहेत, तिसऱ्यावर बांधकामास जागा मोकळी झाली आहे. ऊर्जा, खनिजें, धान्य, मिश्रधातु, संसारोपयोगी वस्तु अशीं निरनिराळीं खातीं असतात, आणि एका खात्यांतील तूट भरावी तर दुसऱ्यांत निघते. पहिल्या वसाहतींत कोणती इमारत उभारावी याचा आम्ही पाव तास विचार केला होता. पस्तिसाव्या वसाहतींत तीच इमारत आम्ही ग्रहाचें नांवहि न वाचतां उभारतों. काम तेंच, पण त्यावर आतां कांहींच अवलंबून नसतें. राजा म्हणून बसलेला मनुष्य रात्री उशिरां कारकून होऊन उठतो.

हा दोष एकट्या स्टेलॅरिसचा नव्हे. तो त्याच्या कुळाचाच आहे. १९९३ मध्यें अमेरिकेंत ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा खेळ निघाला, तेव्हां ‘कंप्युटर गेमिंग वर्ल्ड’ या मासिकांत अॅलन एमरिक यांनीं त्याची ओळख करून देतांना या जातीच्या खेळांना ‘फोर-एक्स’ हें नांव दिलें. शोध, विस्तार, उपभोग आणि उच्छेद या चार क्रियांच्या इंग्रजी शब्दांवरून केलेलें तें नांव अजून चालू आहे. त्या जुन्या खेळांत एका ग्रहाचा सारा कारभार पांच सरकत्या पट्ट्यांवर चाले: नौका, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन. पट्टी किती सरकवावी एवढें ठरविलें कीं त्या ग्रहाचें काम संपलें. दुसरी युक्ति याहून चांगली होती. सर्व राज्यांची एक महासभा ठराविक वर्षांनीं भरे, आणि तींत दोनतृतीयांश मतें ज्याला मिळतील तो आकाशगंगेचा अधिपति ठरून डाव तेथेंच संपे. निकाल अमान्य असेल त्यानें सगळ्यांशीं एकट्यानें लढावें! डावाचा निकाल दिसूं लागला कीं तो संपविण्याची ही सोय होती. १९९६ च्या दुसऱ्या भागांत ग्रहागणिक इमारती बांधण्याचें काम आलें. २००३ च्या तिसऱ्या भागांत तें ओझें हलकें करण्यासाठीं प्रत्येक ग्रहावर प्रतिनिधि नेमले. परंतु ते इतका कारभार आपल्या मतानें करूं लागले कीं, आपण येथें कशाला बसलों आहों, असा प्रश्न खेळणारांना पडला.

स्टेलॅरिसच्या कर्त्यांना आमच्यासारख्यांच्या तक्रारी ऐकूं येत नाहींत असें मुळींच नाहीं. पुस्तक एकदां छापलें कीं छापलें. हा खेळ मात्र लोकांच्या हातीं असतांनाच पुनः पुनः लिहिला जात आहे. आरंभीं एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे जाण्याच्या तीन रीती होत्या, आणि शत्रूचें आरमार कोणत्याहि बाजूनें येऊन उभें राही. फेब्रुवारी २०१८ मध्यें आरंभींच्या निवडींतील दोन रीती काढून टाकल्या आणि ठराविक आकाशमार्गांवरूनच सर्वांनीं जावें असें केलें. पुष्कळ खेळणारे त्यावर रागावले, पण आमच्या मतें ती सुधारणा उत्तम होती. आकाश हें सपाट मैदान होतें, त्यांत त्यामुळें घाट उत्पन्न झाले. सह्याद्रीच्या आश्रयानें वाढलेल्या लोकांना घाटाच्या तोंडावरील किल्ल्याची किंमत सांगावयास नको. एका नाक्यावर ठाणें बांधलें कीं मागचे दहा तारे निर्धास्त होतात. म्हणजे दहा लहान निर्णयांच्या ठिकाणीं एक मोठा निर्णय येतो.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मात्र पाऊल उलट पडलें. अर्सुला ल ग्विन या लेखिकेच्या नांवानें निघालेल्या आवृत्तींत ग्रहावरील चौकटींचा जुना पट जाऊन त्या जागीं लोक, त्यांच्या नोकऱ्या, घरें आणि सुखसोयी यांचा मोठा हिशेब आला. आरंभीं तो मनोरम वाटतो. पण दोनशें वर्षांनंतर तो हिशेब करतां करतां संगणकहि मंदावूं लागला. २०२१ मध्यें मोठ्या राज्यांतील लोकसंख्येची वाढ आवरण्याचे नियम आले, आणि मे २०२५ च्या आवृत्तींत लोकांचे गट पाडून हिशेब गटागटानें होऊं लागला. यंत्राचा थकवा कमी व्हावा यासाठीं कर्त्यांनीं केलेली ही खटपट खरोखर स्तुत्य आहे. आमची तक्रार एवढीच कीं, यंत्राच्या थकव्याची जितकी चिंता वाहिली गेली तितकी माणसाच्या थकव्याची वाहिली गेली नाहीं. ग्रहांचा कारभार आपोआप चालविण्याची सोय खेळांत आहे, हें खरें. पण ज्या कामाकडे न पाहिलें तरी चालतें तें काम खेळांत ठेवावें कशाला, हा प्रश्न त्या सोयीनें सुटत नाहीं.

येथपर्यंतची तक्रार कंटाळ्याची झाली. तिच्या पोटांत दुसरी एक तक्रार आहे, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. राज्य वाढलें कीं त्यांत परक्या जातींचे लोक येतात. कोणी जिंकलेले असतात, कोणी आश्रयास आलेले असतात. प्रत्येक जातीचे हक्क ठरविण्याची एक यादी आहे. पूर्ण नागरिकत्व द्यावें कीं नुसती वस्तीची परवानगी द्यावी, राहणीमान कोणतें असावें, सैन्यांत घ्यावें कीं नाहीं, हें त्या यादींत निवडावयाचें असतें. राज्याच्या तत्त्वांना चालत असेल तर गुलामगिरी, हद्दपारी आणि समूळ संहार हीं कलमेंहि त्याच यादींत, त्याच आकाराच्या अक्षरांत, एका टिचकीच्या अंतरावर असतात. खेळानें क्रौर्य दाखवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. इतिहासांतील साम्राज्यांनीं तें केलें आहे, आणि कारकुनांच्या कागदांवरूनच केलें आहे. परंतु पहिल्या शतकांत ज्या निर्णयानें आम्ही अस्वस्थ झालों असतों, त्याच निर्णयाकडे तिसऱ्या शतकांत, बारा जातींच्या बारा याद्या पुढें असतांना, आमची दृष्टि ‘एक जात कमी झाली तर एक यादी कमी होईल’ अशी वळूं लागली. आम्ही तें कलम निवडलें नाहीं. पण तो विचार आमच्या मनांत द्वेषानें आणला नव्हता, लोभानेंहि आणला नव्हता; तो केवळ शिणानें आणला. दुष्टपणाला द्वेष लागतो असें आपण समजतों. मोठ्या हिशेबाला कंटाळलेला भला मनुष्यहि त्याच दारापर्यंत जाऊं शकतो, हें या खेळानें आम्हांस दाखविलें. कर्त्यांनीं हें जाणूनबुजून दाखविलें असतें तर आम्ही त्यांस मोठे कवि म्हटलें असतें. पण खेळ त्या क्षणीं कांहींच बोलत नाहीं. आंकडा बदलतो, शेजारच्या राज्यांची नाराजी वाढते, आणि लगेच पुढची सूचना येते.

तेव्हां आमचें मागणें थोडक्यांत असें आहे. जी सूचना कांहीं निवड मागत नाहीं ती आमच्यापुढें येऊंच नये. ग्रहांवर नेमावयाचे अधिकारी नुसते उत्पन्नाचा शेंकडा वाढविणारे नसावेत. जुन्या काळच्या सुभेदारांप्रमाणें त्यांस महत्त्वाकांक्षा असाव्यात, म्हणजे चाळीस ग्रहांऐवजीं चारपांच माणसें सांभाळावीं लागतील, आणि माणसें सांभाळणें हें कधींच कंटाळवाणें होत नाहीं. डावाचा निकाल उघड झाल्यावर तो सन्मानानें संपविण्याची वाट असावी. सध्यां इ. स. २४०० नंतर केव्हां तरी एखादें महासंकट कोसळतें, भुकेल्या जीवांचे थवे आकाशगंगेबाहेरून येतात, आणि डावांत पुन्हां जीव येतो; पण तोंपर्यंत वाट पाहणारे किती उरतात? आणि शेवटचें, प्रजेविषयींचा मोठा निर्णय घेतांना आम्हांस एक तरी चेहरा दिसावा. पहिल्या शास्त्रज्ञाला जसें नांव होतें तसें त्या यादींतील एखाद्या कुटुंबालाहि असावें.

इतकें लिहूनहि आम्ही हा खेळ सोडलेला नाहीं. आमचे बहुतेक डाव २३५० च्या आसपास अपुरे पडून आहेत; त्यांतील ग्रह तेथेंच थांबले आहेत आणि त्यांच्या सूचना तशाच लटकत आहेत. आम्ही पुन्हां इ. स. २२०० पासून आरंभ करतों, तीन लहान नौका आणि एक शोधनौका घेऊन. आमच्या ओळखीच्या पुष्कळ खेळणारांची हीच रीत आहे. खेळावरील टीका म्हणून एवढी एकच गोष्ट कर्त्यांनीं ध्यानांत घेतली तरी आमच्या बाकीच्या लिहिण्याची गरज उरणार नाहीं.