न ओरबाडता

मराठी शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. पेशींशी आमचा संबंध पाठ्यपुस्तकातील आकृतीपुरताच. परंतु आमच्या धाकट्या कन्येने त्याच विषयातील पुढील संशोधनासाठी जपानला जाण्याचा हट्ट धरला आणि पेशी आमच्या इंदूरच्या घरात शिरल्या. आम्ही साफ नकार दिला. चार दिवस बापलेकींत अबोला होता.

पाचव्या दिवशी जेवताना तिनेच विषय काढला. "बाबा, शरीराबाहेर पेशी वाढवायच्या तर ३७ अंशांची ऊब आणि धरून राहायला पृष्ठभाग लागतो. पण वाढल्यावर त्या सोडवायच्या कशा?"

रूढ रीत अशी, की ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य वापरावयाचे. ते पेशींची पकड तोडते. पण त्यांचे परस्परांशी असलेले बंध आणि त्यांनी स्वतः विणलेले जाळेही त्यात तुटते. टोकियोच्या तेरुओ ओकानो यांच्या गटाने १९९० साली निराळी वाट दाखविली. आपले चायनाग्रास निवले की घट्ट होते. त्यांच्या पॉलिमरचा स्वभाव याच्या उलट. सुमारे ३२ अंशांच्या वर ते पाणी सोडून आकसते, त्याखाली पाणी पिऊन फुगते. त्याचा पातळसा लेप दिलेल्या बशीत ३७ अंशांना पेशी बिलगून वाढतात. बशी २० अंशांपर्यंत निववली, की त्यांचा सबंध पापुद्रा अलगद सुटतो. जपानमध्येच चार रुग्णांच्या तोंडातील अस्तराच्या पेशींपासून असे पापुद्रे वाढवून, टाके न घालता, त्यांच्याच डोळ्यांवर बसविले गेले. चौघांचीही दृष्टी सुधारल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले.

"मग तुझे काम कोणते?" न राहवून आम्ही विचारले.

"हाडांच्या पेशींचे. नुसत्या मऊ, ओल्या जेलवर त्या नीट रुजत नाहीत. म्हणून जेलमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचे कण जमवायचे. हाडातला क्षार त्याच जातीचा. आधी पाय रोवायला जागा द्यायची. पण वेळ आली की सोडताही आले पाहिजे."

आमचा घास हातातच राहिला. मुलीला पाय रोवावयास जागा आम्ही दिली होती, याचा आम्हांस अभिमान होता. सोडण्याची वेळ आली तेव्हा मात्र आम्ही ट्रिप्सिनच हाती घेतले होते: "गेलीस तर पुन्हा या घराकडे पाहू नकोस," असे आम्ही तिला बोलून चुकलो होतो.

सौ. ताक वाढीत होत्या. आमच्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या, "अहो, आता जरा निवा."

हात धुऊन आम्ही तिचे कागद मागविले. सही करताना अक्षर थोडे हलले. पण आठवड्याला एक पत्र धाडण्याची अट घालावयास आम्ही विसरलो नाही.